मोठ्या प्रदर्शनात लहान यंत्रे कशी मांडावीत? एक्सकॉन, बाउमा आणि आपले छोटे उत्पादक

मुरूम_माती (धागाकर्ता)

नमस्कार. आमचा भोसरी येथील कारखाना साडेतीन टनांपर्यंतचे मिनी एक्स्कॅव्हेटर (छोटे पोकलेन) तयार करतो आणि त्यांना लागणारी खड्डे पाडणारी ऑगर, खडक फोडणारा ब्रेकर, चर खोदण्याची अरुंद बकेट ही जोडअवजारेही स्वतःच बनवतो. आजवर प्रदर्शनांत आमचे एखादे यंत्र वितरकाच्या स्टॉलवर उभे असायचे. बंगळुरूच्या पुढच्या एक्सकॉनमध्ये मात्र स्वतःच्या नावाने जागा घ्यायचे ठरले आहे आणि मांडणीची जबाबदारी माझ्याकडे आली आहे.

ज्यांनी एक्सकॉन पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भारतीय उद्योग महासंघ, म्हणजे सीआयआय, बांधकाम यंत्रांचे हे प्रदर्शन दर दोन वर्षांनी तुमकुरू रस्त्यावरच्या बंगळुरू आंतरराष्ट्रीय प्रदर्शन केंद्रात (बीआयईसी) भरवतो. करोनामुळे डिसेंबर २०२१ चे प्रदर्शन मे २०२२ मध्ये घ्यावे लागले. त्यानंतर डिसेंबर २०२३ आणि डिसेंबर २०२५ असे ते पुन्हा आपल्या वेळेवर आले. बंद सभागृहे आणि त्यांच्याभोवतीचे विस्तीर्ण उघडे मैदान असे दोन भाग तेथे असतात.

माझी अडचण अशी की, मैदानात एका बाजूला खाणीतले अवाढव्य पोकलेन आणि दुसऱ्या बाजूला उंचच उंच क्रेन उभी असताना आमचे बुटके यंत्र लोकांच्या नजरेत भरत नाही. लोक लांबून पाहतात, कौतुकाने हसतात, मुलांचा फोटो काढतात आणि पुढे जातात. वास्तविक या यंत्राची सगळी किंमत त्याच्या लहानपणात आहे. जेथे बॅकहो वळत नाही, जेथे दोन इमारतींच्या मधून मैलापाण्याची वाहिनी टाकायची आहे, जेथे गोठ्याच्या दारातून आत शिरून शेण काढायचे आहे, तेथे ते कुदळ-फावड्याची जागा घेते. त्याची स्पर्धा पोकलेनशी नाहीच, ती मजुरांच्या टोळीशी आहे. मोकळ्या मैदानावर ठेवले की नेमके हेच दिसेनासे होते.

म्हणून माझ्या मनात असे आहे की, यंत्रापेक्षा अडचणीची जागा मांडावी. स्टॉलमध्येच दोन कुंपणभिंतींमधली जेमतेम दीड मीटर रुंदीची बोळ उभारायची, तिच्या टोकाला एक लोखंडी फाटक बसवायचे आणि त्या बोळीत यंत्र उभे करायचे. पाहणाऱ्याला आपल्या कामावरची जागा तत्काळ आठवावी, एवढाच हेतू आहे. याविषयी, तसेच उघडी जागा घ्यावी की सभागृहातली, चालू यंत्र दाखवावे की स्थिर, आणि किंमत सांगावी की नाही, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

मंडपवाला

मी प्रदर्शनांचे स्टॉल उभारण्याच्या धंद्यात आहे. बोळीची कल्पना उत्तम आहे, परंतु ती अमलात आणताना तीन गोष्टी आधीच विचारात घ्या.

सभागृहातल्या फरशीची भारक्षमता दर चौरस मीटरला ठरलेली असते आणि ती आयोजकांच्या नियमपुस्तिकेत दिलेली असते. तीन टनांचे यंत्र ट्रॅकवर उभे असले की भार पसरतो. तेच यंत्र बकेट आणि ब्लेड टेकवून ट्रॅक उचललेल्या स्थितीत दाखवले, तर सारा भार दोन अरुंद कडांवर येतो. अशी मांडणी करायची असेल तर खाली जाड प्लायवूड आणि त्याखाली पोलादी पत्रा घाला. नवा रबर ट्रॅक गालिच्यावर काळे पट्टे उठवतो आणि ते निघत नाहीत, म्हणून यंत्र जागेवर बसल्यानंतरच गालिचा कापून भोवती बसवावा.

दुसरी गोष्ट सुरक्षेची. सभागृहात ठेवलेल्या यंत्राच्या टाकीत अगदी थोडे डिझेल ठेवून झाकण बंद करण्याची आणि बॅटरीची तार सोडवून ठेवण्याची अट सर्वसाधारणपणे असते. बूम, म्हणजे यंत्राचा मुख्य हात, वर उचलून ठेवलेली असेल तर केवळ हायड्रॉलिक दाबावर विसंबू नका. सिलिंडरच्या आतल्या सीलमधून तेल थोडे थोडे सरकत राहते आणि संध्याकाळी उंच ठेवलेली बकेट सकाळी वीतभर खाली आलेली दिसते. स्किड-स्टीअरच्या (जागच्या जागी वळणाऱ्या छोट्या लोडरच्या) हातांना लोखंडी टेकू मिळतो, तो लावलाच पाहिजे. एक्स्कॅव्हेटरची बूम उंच ठेवायचीच असेल तर खाली स्टँड तयार करून घ्या. त्या बूमखालून माणसे ये-जा करणार आहेत, हे विसरून चालणार नाही.

तिसरी गोष्ट क्रमाची. जड माल आधी आत येतो, मग हलका. ट्रेलर आत येण्यासाठी जी वेळ दिली जाते ती चुकली आणि शेजारच्या स्टॉलची चौकट उभी राहिली, तर तुमचे यंत्र आत न्यायला मार्गच उरत नाही. एका प्रदर्शनात एका उत्पादकाचे यंत्र याच कारणाने पहिला अख्खा दिवस मालवाहू फाटकापाशी उभे राहिलेले मी पाहिले आहे. लो-बेड (यंत्र वाहून नेणारा बुटका ट्रेलर) पुण्याहून निघतानाच कर्नाटकात दिवसा जड वाहनांना कोठे प्रवेशबंदी आहे याची चौकशी करून निघावे.

जुनी_यंत्रे

या विषयाला एक इतिहास आहे आणि तो तुमच्या बाजूने बोलतो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या रॉथसे या खेड्यात सिरिल आणि लुई केलर हे दोघे भाऊ दुरुस्तीचे दुकान चालवत. एडी व्हेलो नावाच्या टर्कीपालकाची अडचण अशी होती की, त्याच्या दुमजली खुराड्याच्या वरच्या मजल्यावर विष्ठा काढायला ट्रॅक्टर नेता येत नव्हता. तो जड होता आणि खांबांमध्ये वळतही नव्हता. केलर बंधूंनी १९५७ मध्ये त्याच्यासाठी तीन चाकांचा एक हलका लोडर बनवला, जो जागच्या जागी फिरू शकत असे. मेलरो या शेतीयंत्रे बनवणाऱ्या कंपनीने १९५८ च्या मिनेसोटा राज्य जत्रेत आपल्या स्टॉलवर हे यंत्र दाखवण्यासाठी त्यांना बोलावले. तेथे लोकांनी त्याला जो प्रतिसाद दिला, तो पाहून मेलरोने उत्पादनाचे हक्क घेतले. १९६० मध्ये चार चाकांचे एम-४०० हे प्रारूप आले आणि १९६२ मध्ये ‘बॉबकॅट’ हे नाव पडले.

म्हणजे आज ज्याला आपण स्किड-स्टीअर म्हणतो त्या अख्ख्या प्रकाराचे भवितव्य एका जत्रेतल्या स्टॉलवर ठरले. जत्रेला येणारे बहुतांश लोक शेतकरी होते आणि गोठा हाताने साफ करण्याचे कष्ट त्यांना ठाऊक होते. त्यांच्यासमोर ते यंत्र वळून दाखवले गेले, यात सगळे आले. त्यामुळे माझे स्पष्ट मत असे की, यंत्र चालू अवस्थेत दाखवता येत नसेल तर निम्मे काम वाया गेले.

तासभाडे_नाशिक

मी खरेदी करणाऱ्याच्या बाजूने लिहितो. माझ्याकडे बॅकहो आहेत आणि दोन मिनी पोकलेनही आहेत. द्राक्षबागा, शेततळ्यांची कडेची कामे, ठिबकच्या मुख्य वाहिन्यांचे चर आणि शहरात केबलचे चर ही माझी कामे. एक्सकॉनला मी जातो तेव्हा मी काय पाहतो ते सांगतो, म्हणजे तुमची मांडणी कोणासाठी आहे याचा अंदाज येईल.

मी प्रथम खाली वाकून ट्रॅकचे रोलर पाहतो. त्यांच्यात दगड अडकू नये म्हणून काही संरक्षण आहे का, ट्रॅक ताणण्याची सोय ग्रीसवर आहे का आणि तो निपल हाताला सहज लागतो का, हे पाहतो. मग ब्लेडच्या मागून जाणाऱ्या होजपाइपवर अंगठा दाबून त्याची जात पाहतो आणि तो कोठे घासला जातो ते शोधतो. बूमच्या मुळाशी पिनेला बुश आहे की थेट पोलाद आहे, हा माझा तिसरा प्रश्न. इंजिनाचे झाकण उघडून डिझेल फिल्टर उभ्याने बदलता येतो की आडवे पडून, हा चौथा. स्टॉलवर यंत्राभोवती दोरी बांधलेली असेल आणि बाजूला उभ्या असलेल्या मुलीच्या हातात फक्त माहितीपत्रक असेल, तर मी दोन मिनिटांत निघतो.

तेव्हा दोरी बांधू नका. एक यंत्र झाकणे उघडी ठेवून उभे करा आणि शेजारी तुमचा सर्व्हिस इंजिनिअर उभा करा, विक्रीवाला नव्हे. ऑपरेटरलाही न्या. माझ्याबरोबर माझा ऑपरेटर येतो. तो सीटवर बसून दोन्ही लिव्हर धरून पाहतो आणि बाहेर येऊन मला जे सांगतो त्यावर माझा बहुतेक निर्णय होतो. तो माझ्याशी मराठीत बोलतो आणि तुमच्या माणसाशीही मराठीतच बोलेल, कारण हायड्रॉलिकची तक्रार त्याला हिंदीतून किंवा इंग्रजीतून नीट मांडता येत नाही. बंगळुरूला महाराष्ट्रातून, विशेषतः कोल्हापूर, सांगली आणि सोलापूर भागातून मोठ्या संख्येने ठेकेदार येतात. तुमच्या स्टॉलवर मराठी, कन्नड आणि तमिळ बोलणारा तंत्रज्ञ असणे हे चकचकीत पडद्यापेक्षा जास्त उपयोगाचे आहे.

किमतीविषयी: आकडा सांगा. सांगताना जीएसटीसह आणि जीएसटीविना असे दोन्ही सांगा. १८ टक्के कराची वजावट नोंदणीकृत ठेकेदाराला मिळते, शेतकऱ्याला मिळत नाही. त्यामुळे दोघांसाठी यंत्राची किंमत प्रत्यक्षात वेगळी असते. किमतीबरोबर तासाला डिझेल किती लागते हे मुरमात, काळ्या मातीत आणि ब्रेकर लावून असे वेगवेगळे लिहा. सरासरीचा एकच आकडा दिला की आम्ही त्यावर विश्वास ठेवत नाही.

इसारकाठचा

मी म्युनिकला राहतो आणि तेथील बाउमा हे बांधकाम यंत्रांचे प्रदर्शन जवळून पाहत आलो आहे. ते दर तीन वर्षांनी भरते. १९५४ पासून चालू आहे आणि १९९८ पासून रीम येथील जुन्या विमानतळाच्या जागेवरील संकुलात होते. तेथील प्रदर्शनक्षेत्र ६ लाख १४ हजार चौरस मीटर आहे आणि एप्रिल २०२५ मध्ये सुमारे ६ लाख लोक आले होते. इतक्या पसाऱ्यात लहान यंत्रांचे उत्पादक कसे टिकून राहतात, याची मला उत्सुकता होती.

दोन गोष्टी लक्षात आल्या. पहिली अशी की, ते यंत्र दाखवत नाहीत, एकाच यंत्राची अनेक कामे दाखवतात. मातीने भरलेला एक छोटा चौक असतो. तेथे मिनी एक्स्कॅव्हेटर आधी अरुंद बकेटने चर घेतो, मग ऑपरेटर केबिनमधून न उतरता क्विक कपलरने बकेट सोडून दाबयंत्र उचलतो, चराचा तळ दाबतो आणि पुन्हा बकेट घेऊन तो भरून काढतो. स्वीडनमध्ये रुजलेला टिल्टरोटेटर, म्हणजे बकेटला मनगटासारखे फिरवणारे जोडअवजार, याच पद्धतीने दाखवला जातो आणि त्यापुढची गर्दी हटत नाही. चर सुरू झाल्यापासून भरेपर्यंत थोडाच वेळ जातो आणि पाहणारा शेवटपर्यंत थांबतो, कारण कामाला सुरुवात आणि शेवट आहे. मुरूम_माती, तुमच्याकडे जोडअवजारे स्वतःची आहेत; हीच तुमची खरी ताकद आहे असे मला वाटते.

दुसरी गोष्ट विजेवरच्या यंत्रांची. २०१९ च्या बाउमात व्होल्वोने ईसीआर२५ हा विजेवरचा छोटा एक्स्कॅव्हेटर आणि एल२५ हा छोटा लोडर मांडला. जेसीबीचा १९सी-१ई देखील त्याच काळातला, आणि त्यासाठी जेसीबीला २०२० चा मॅकरॉबर्ट हा ब्रिटनमधील अभियांत्रिकी पुरस्कार मिळाला. धूर नसल्यामुळे असे यंत्र बंद जागेत चालवता येते. अर्थात आयोजकांची परवानगी लागतेच, पण डिझेल यंत्राला जी परवानगी मिळूच शकत नाही ती याला मागता तरी येते. तुमच्याकडे विजेवरचे प्रारूप चाचणीच्या टप्प्यावर असेल तर सभागृहातल्या जागेचा विचार त्याच्यासाठी करा आणि डिझेल यंत्र बाहेर मातीत ठेवा.

मांडवीतीर

पणजीहून लिहितो. चालू यंत्र दाखवण्याबद्दल वरती एकमत होत आहे, पण मला एक वेगळी बाजू मांडायची आहे. जेसीबीचे पथक बॅकहो हायड्रॉलिकवर उचलून धरण्याची आणि रांगेत नाचवण्याची प्रात्यक्षिके करते. त्यांना अलोट गर्दी होते आणि ती पाहण्यासारखी असतातच. मात्र ते एका प्रस्थापित उत्पादकाला परवडते, कारण त्यांचे यंत्र कोणते काम करते हे सांगण्याची आता गरजच उरलेली नाही. नव्या उत्पादकाने त्या वाटेने जाऊ नये असे मला प्रामाणिकपणे वाटते. कौशल्य ऑपरेटरचे दिसते, यंत्राचे दिसत नाही.

आमच्याकडे पणजीतल्या जुन्या वस्तीत गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की, मलनिस्सारणाच्या आणि केबलच्या कामांत घराच्या पायरीला धक्का न लावता खोदणे हेच मोठे काम होऊन बसते. तुमच्या बोळीत एका भिंतीला लागून दोन पायऱ्या आणि एक तुळशीवृंदावन उभे करा. यंत्राचे मागचे वजन वळताना त्या पायऱ्यांपासून किती अंतर राखते, ते जमिनीवर रंगाने आखून दाखवा. शून्य टेल-स्विंग (वळताना मागचा भाग ट्रॅकच्या बाहेर न जाणे) असे फलकावर लिहिण्यापेक्षा ती आखलेली रेषा जास्त बोलेल. बूम स्विंगची सोय असेल, म्हणजे केबिन सरळ ठेवून बूम बाजूला वळवून भिंतीलगत खोदता येत असेल, तर यंत्र त्याच स्थितीत उभे करा.

मुरूम_माती

सर्वांचे मनापासून आभार. पायऱ्यांची सूचना आम्ही घेत आहोत. बूम स्विंग आमच्या दोन्ही प्रारूपांत आहे आणि ती आतापर्यंत आम्ही माहितीपत्रकाच्या चौथ्या पानावर ठेवली होती. तासभाडे यांनी सांगितल्याप्रमाणे एक यंत्र झाकणे उघडून ठेवू आणि दोरी नसेल.

दोन प्रश्न उरतात. फलकावर कोणते आकडे लिहावेत? आणि आमच्या संचालकांची इच्छा आहे की, एक्सकॉननंतर जोडअवजारांसह एक यंत्र पुढच्या बाउमाला न्यावे. परदेशात यंत्र केवळ दाखवण्यासाठी नेऊन परत आणायचे असेल तर काय करावे लागते?

हायड्रॉलिक_मापे

आकड्यांविषयी लिहितो, कारण येथे बरेच जण कळत-नकळत वाचकाची दिशाभूल करतात.

कार्यवजन लिहिताना ते आयएसओ ६०१६ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे लिहा. त्यात भरलेली टाकी आणि ७५ किलोचा ऑपरेटर धरलेला असतो. बरेच उत्पादक कोरडे वजन लिहितात, त्यामुळे ट्रेलर निवडताना ग्राहकाची फसगत होते. स्किड-स्टीअरची निर्धारित भारक्षमता ही यंत्र पुढे कलंडण्याच्या भाराच्या ५० टक्के धरण्याची पद्धत आहे, तर ट्रॅकवरच्या छोट्या लोडरसाठी ती बहुधा ३५ टक्के धरतात. म्हणून या दोन यंत्रांचे आकडे शेजारी शेजारी ठेवताना टक्केवारी लिहिल्याशिवाय तुलना करू नका. खोदण्याच्या खोलीचा आकडा सपाट जमिनीवरून घेतलेला असतो आणि त्या खोलीवर यंत्र उपसा फारसा करू शकत नाही, हे सगळ्या ठेकेदारांना माहीत असते. त्यामुळे ‘या खोलीपर्यंत तासाला इतके मीटर चर’ असा कामाचा आकडा स्वतः चाचणी घेऊन द्या आणि चाचणी कोणत्या मातीत घेतली तेही लिहा.

पासिंगचा, म्हणजे आरटीओ नोंदणीचा, प्रश्न प्रत्येक दुसरा माणूस विचारेल. चाकांवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांना १ जानेवारी २०२५ पासून सीईव्ही (बांधकाम यंत्र वाहने) टप्पा ५ ची उत्सर्जन मानके लागू झाली आहेत. तुमचे कोणते प्रारूप नोंदणीच्या कक्षेत येते, त्याचे प्रमाणपत्र कोणत्या संस्थेकडून घेतले आहे, आणि इंजिनाला पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) असेल तर तो कसा साफ करायचा, या तिन्हींची लेखी उत्तरे एका पानावर तयार ठेवा.

सीएचए_न्हावाशेवा

परदेशी नेण्याविषयी. तुम्हाला एटीए कार्ने हवे. हा वस्तूंचा पारपत्रासारखा दस्तऐवज आहे; आपल्याकडे तो फिक्की ही उद्योगसंघटना देते, त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते आणि त्यासाठी बँक हमी किंवा तत्सम तारण द्यावे लागते. त्यावर यंत्र युरोपात सीमाशुल्क न भरता नेता येते, परत आणायचे या अटीवर. यादीत प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक लिहावा लागतो: यंत्राचा चॅसिस क्रमांक, इंजिनाचा क्रमांक आणि प्रत्येक जोडअवजाराचा क्रमांक. ब्रेकरच्या पट्टीवरचा क्रमांक आणि यादीतला क्रमांक यांत एका अंकाचा फरक पडला तरी माल बंदरावर अडकतो, म्हणून पट्टीचा फोटो काढून यादी करा. प्रत्येक सीमेवर प्रतिपत्रावर शिक्का पडला की नाही हे तेथेच उभे राहून पाहा; परतीचा शिक्का राहिला तर शुल्काची मागणी नंतर तुमच्याकडे येते.

वाटून टाकायची माहितीपत्रके, भेटवस्तू आणि तेल-ग्रीस कार्नेवर जात नाहीत. लाकडी पेटी असेल तर तिचे लाकूड आयएसपीएम १५ या कीड रोखण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे प्रक्रिया केलेले आणि शिक्का मारलेले हवे. ट्रॅकमध्ये माती राहू देऊ नका, धुऊन पाठवा. आणि यंत्र तेथे विकले गेले तर कार्नेवर ते सोडून येता येत नाही. रीतसर आयात करावी लागते.

सीई चिन्ह (युरोपीय नियमांशी सुसंगत असल्याची खूण) नसलेले यंत्र युरोपात विकता येत नाही, पण प्रदर्शनात मांडता येते. यंत्रांविषयीच्या २००६/४२/ईसी या निर्देशात त्याची तरतूद आहे: हे यंत्र नियमांशी सुसंगत नाही आणि सुसंगत होईपर्यंत विक्रीस उपलब्ध नाही, असा ठळक फलक त्यावर लावावा लागतो आणि प्रात्यक्षिकाच्या वेळी लोकांच्या सुरक्षेची पुरेशी व्यवस्था ठेवावी लागते. २० जानेवारी २०२७ पासून या निर्देशाची जागा नवे यंत्र नियमन २०२३/१२३० घेणार आहे, तेव्हा तुमच्या सल्लागाराशी बोलताना नव्या नियमनाविषयीच विचारा.

इसारकाठचा

वरच्या मुद्द्याला एक जोड. असा फलक लावलेले यंत्र पाहून युरोपातला वितरक थांबत नाही. जोडअवजारांचे तसे नाही; बकेट आणि ऑगर घेणारे लोक पोलादाची जाडी, वेल्डिंग आणि कपलरचे माप पाहतात. पहिल्या वेळी यंत्र न नेता फक्त जोडअवजारे न्यावीत असे मी सुचवेन. वाहतुकीचा खर्च कितीतरी कमी होईल आणि बोलणी खऱ्या ग्राहकांशी होतील.

तासभाडे_नाशिक

धागाकर्त्यांसाठी आणखी एक. स्टॉलवर येणाऱ्याचे केवळ व्हिजिटिंग कार्ड घेऊन ठेवू नका. गाव आणि तालुका, सध्या कोणती यंत्रे आहेत, काम कोणत्या मातीत आहे आणि महिन्याला अंदाजे किती तास यंत्र चालेल, हे चार रकाने असलेला कागद भरून घ्या. परत आल्यावर तालुक्यानुसार ते कागद लावले की, सर्व्हिसची गाडी पहिल्यांदा कोठे ठेवायची हे कळते. आम्ही यंत्र घेताना सर्वांत शेवटी विचारतो तो प्रश्न हाच असतो की, होज फुटला तर तुमचा माणूस आमच्या गावात किती वेळात पोचेल.

मुरूम_माती

हा कागद आजच तयार करायला घेतो. सीएचए_न्हावाशेवा आणि इसारकाठचा यांचे दोन्ही प्रतिसाद संचालकांना दाखवले; युरोपला प्रथम अरुंद बकेट आणि ऑगर एवढेच न्यायचे यावर त्यांची संमती मिळाली आहे. मंडपवाला, बोळीचा आराखडा झाला की येथे टाकतो. बूम पूर्ण बाजूला वळवून यंत्र उभे केले तर भिंतीची लांबी किती ठेवावी आणि भिंत प्लायची चालेल की लोकांनी टेकून उभे राहण्यासाठी चौकट लोखंडी करावी, हे कृपया सांगावे.

मंडपवाला

चौकट लोखंडीच करा. लोक टेकतात, मुले चढतात, आणि बूम बाजूला असताना कोणी लिव्हर हलवलीच तर प्लायची भिंत आवरणार नाही. लिव्हरचे कुलूप लावून ठेवा आणि किल्ली सर्व्हिस इंजिनिअरच्या खिशात असू द्या. लांबी यंत्राच्या पूर्ण वळलेल्या बूमच्या टोकापुढे निदान एक मीटर ठेवा, म्हणजे समोरून फोटो काढणाऱ्यालाही भिंत आणि पायऱ्या एकत्र दिसतील. आराखडा येऊ द्या, मापे तपासून देतो.